संतपट चालेल, तमाशापट नको?

कामावरून घरी येताना गाडीत ऐकत असाल किंवा रविवारची पोळी लाटताना, आजचा विषय थोडा गमतीचा आहे आणि थोडा अवघडही. विषय आहे सिनेमाच्या अतिशय विचित्र, अतिशय बारीक प्रकारांचा. शेवटी आपण आपल्याच घरात येऊन थांबणार आहोत, तेव्हा ऐकत राहा.

मी व्यवसायानं आयटी सल्लागार. माहितीचे कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्याला नाव द्यायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे टीव्हीवरच्या ॲपनं सिनेमे कसे लावलेत, ते बघायची मला खोड आहे. विनोदी, भयपट, प्रेमकथा हे झाले मोठे कप्पे. पण जगात असे काही प्रकार होऊन गेलेत, की ऐकल्यावर वाटतं, कुणीतरी थट्टा करतंय.

उदाहरणार्थ, जर्मनीत १९२०च्या दशकात 'डोंगरपट' नावाचा खराखुरा प्रकार होता. आर्नोल्ड फांक नावाचा दिग्दर्शक नटनट्यांना घेऊन बर्फाच्या कड्यांवर चढायचा आणि तिथेच चित्रण करायचा. गोष्ट नेहमीचीच. माणूस, कडा, वादळ आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेला मित्र. पूर्व जर्मनीत १९६६ पासून 'इंडियनपट' निघाले. अमेरिकन काउबॉयपट आपण पाहिलेत, पण यांत सगळं उलटं असायचं. अमेरिकेतले मूळ रहिवासी नायक आणि जमिनी बळकावणारे गोरे खलनायक. नायक व्हायचा गोयको मितिच, म्हणजे युगोस्लाव्हियातला एक रुबाबदार गडी. आणि मेक्सिकोत होते मुखवटेधारी पहिलवानांचे सिनेमे. त्यातला सगळ्यात लाडका पहिलवान चंदेरी मुखवटा घालून पन्नासच्या वर सिनेमांत व्हॅम्पायर, ममी आणि वेड्या शास्त्रज्ञांशी कुस्ती खेळला. त्याचं नाव 'सांतो'. स्पॅनिशमध्ये सांतो म्हणजे संत!

हसू येतं ना? मलाही आलं. पण जरा थांबून विचार केला तर दिसतं, की यातला एकही प्रकार उगाच आलेला नाही. युद्ध हरलेल्या जर्मनीला निर्मळ, कणखर असं काहीतरी डोळ्यांसमोर हवं होतं. पूर्व जर्मनीला काउबॉयचं साहस हवं होतं, पण अमेरिकेची बाजू नको होती. सिनेमाचा एखादा प्रकार इतका बारीक होतो आणि तरी वर्षानुवर्षं चालतो, तेव्हा त्याच्यामागे त्या लोकांचा एखादा न सुटलेला प्रश्न असतो. प्रश्न सुटत नाही, म्हणून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

मग आपलं काय? आपणही असे प्रकार जन्माला घातलेत का? घातलेत, आणि एक नाही, दोन. एक संतपट आणि दुसरा तमाशापट.

हा विषय डोक्यात यायला एक निमित्त घडलं. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या बैठकीत मी सुचवलं, की मुलांसाठी जुन्या मराठी सिनेमांच्या दोन दुपारी ठेवूया. एका दुपारी 'संत तुकाराम', दुसऱ्या दुपारी 'सांगत्ये ऐका'. पहिल्या नावाला सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या नावाला खोली शांत झाली. मग एक काका म्हणाले, "संतपट चालेल हो. पण मुलांसमोर तमाशा कशाला?" गंमत अशी, की त्याच मंडळाच्या गणपतीत आदल्याच वर्षी आमच्या मुली नऊवारी नेसून लावणीवर नाचल्या होत्या आणि त्याच काकांनी 'वन्स मोअर' दिला होता. मी तेव्हा काही बोललो नाही. घरी आलो आणि दोन्ही प्रकारांचा इतिहास चाळत बसलो.

आधी संतपट.

'प्रभात फिल्म कंपनी' १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ती हीच जागा. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'धर्मात्मा' काढला. विषय संत एकनाथ, आणि एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. सिनेमाचं मूळ नाव होतं 'महात्मा'. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला त्यात गांधीजींचा वास आला आणि नाव बदलावं लागलं. ज्यांना शिवणंही विटाळ मानलं जायचं, त्यांच्या घरी एकनाथ जेवतात, ही त्यातली गोष्ट. म्हणजे वरून पाहिलं तर भक्तिपट, आतून १९३५ सालचा जळता प्रश्न.

पुढच्याच वर्षी आला 'संत तुकाराम'. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला. एका चित्रपटगृहात वर्षाहून जास्त मुक्काम, हे आपल्या देशात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकाराम झाले होते विष्णुपंत पागनीस. हे गृहस्थ त्याआधी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी प्रसिद्ध होते! आणि शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेलं एक गीत इतकं एकजीव झालं, की कित्येक लोक त्याला तुकोबांचाच अभंग समजत आले आहेत. तुमच्या आजीनंही कदाचित तसंच समजून म्हटलं असेल.

हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल तर आठवा, त्यात भांडण कशावरून आहे. तुकोबांनी अभंग रचावेत की नाही, यावरून. धर्माचं ज्ञान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं म्हणणं, या कुणब्याला, वाण्याला हा अधिकार दिला कुणी? म्हणून वह्या इंद्रायणीत बुडवायच्या. आणि तुकोबांची बायको जिजाई आठवा. गौरी या अभिनेत्रीनं ती काय उभी केली आहे! पोर आजारी, घरात दाणा नाही, तेव्हा ही बाई पायतली चप्पल हातात घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. संतपटात देवाला असा जाब विचारता येत होता, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

याच सिनेमात आणखी एक पात्र आहे, ते लक्षात ठेवा. खलनायक सालोमालो तुकोबांना नादी लावण्यासाठी एका नाचणारीला पाठवतो. ती येते, तुकोबांचे शब्द ऐकते आणि बदलून जाते. नाचणारी बाई संताच्या पायाशी येऊन शुद्ध होते. इथे ती काही मिनिटांची पाहुणी आहे.

संतपट पुढेही आले. १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर'. ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक. हे जन्मानं नगरचे मराठी ख्रिस्ती, आणि पडद्यावर कृष्ण म्हणूनही लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग १९४१ मध्ये 'संत सखू'. सासरी छळ सोसणारी, पंढरीला जायची आस लागलेली सून. तिच्या जागी घरकामाला विठ्ठलच सखूचं रूप घेऊन येतो, अशी कथा. ही सखू झाली होती एक अठरा वर्षांची मुलगी. तिचं नाव हंसा वाडकर.

हे नाव लक्षात ठेवा. आता गाडी दुसऱ्या प्रकाराकडे वळते.

१९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच साली, 'लोकशाहीर रामजोशी' आला. रामजोशी पेशवाईच्या उत्तरकाळातला सोलापूरचा ब्राह्मण कवी. तमाशाच्या नादापायी त्याला घर सोडावं लागलं, पुढे तो संस्कृत शिकला, कीर्तनंही केली आणि लावण्याही रचल्या, असं परंपरेनं सांगितलं जातं. एकाच माणसात कीर्तन आणि तमाशा दोन्ही! सिनेमात रामजोशी झाले जयराम शिलेदार. पटकथा आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. आणि त्याला भेटणारी तमाशातली नर्तकी, बया, ती कोण? हंसा वाडकर. सहा वर्षांपूर्वीची संत सखू.

हा सिनेमा अफाट चालला आणि तमाशापटांची वाट मोकळी झाली. वेळही विचित्र होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्याच्या सरकारनं खऱ्या तमाशावर अश्लीलतेच्या कारणानं बंदी घातली. नंतर संहिता तपासून, अटी घालून ती उठवली. एकीकडे फडावरच्या कलावंतांवर पहारा, आणि दुसरीकडे पडद्यावरच्या तमाशाला तिकिटासाठी रांगा. आमच्या मंडळातल्या काकांचा वन्स मोअर आठवला ना?

मग १९५९. दिग्दर्शक अनंत माने, सिनेमा 'सांगत्ये ऐका'. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो जवळपास अडीच वर्षं चालला. संगीत वसंत पवारांचं, नायिका जयश्री गडकर आणि सोबत पुन्हा हंसा वाडकर. सत्तेच्या मस्तीत एक पाटील एका शेतकऱ्याचं घर उद्ध्वस्त करतो, त्याच्या बायकोवर अत्याचार करतो. तिची मुलगी तमाशात वाढते, नावारूपाला येते, आणि शेवटी त्याच गावात, त्याच पाटलासमोर, भर गर्दीत बोर्डावर उभी राहून सगळी गोष्ट सांगते. म्हणून नाव 'सांगत्ये ऐका'. गावची पंचायत ज्याला हात लावू शकत नाही, त्याच्यावर खटला चालतो तो तमाशात.

यानंतर 'सवाल माझा ऐका', 'केला इशारा जाता जाता', 'एक गाव बारा भानगडी' असे एकामागून एक सिनेमे आले. साचा ठरलेला. गाव, पाटील, फड, ढोलकी, सवाल-जवाब, फसलेला एक भला माणूस. नाव ठेवणारे तेव्हाही म्हणत, किती त्याच त्याच गोष्टी. पण हिशेब साधा होता. माझ्यातला एमबीए इथे जागा होतो. हिंदी सिनेमाकडे पैसा होता, नट होते, रंग होते. मराठी निर्मात्याकडे असं काय होतं जे मुंबईचा हिंदीवाला देऊ शकत नव्हता? ढोलकी, मराठी बोलीतली फटकेबाज भाषा आणि गावोगाव जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवणारी फिरती चित्रपटगृहं. बैलगाडीनं येणाऱ्या प्रेक्षकाला कीर्तन आणि तमाशा दोन्ही तोंडपाठ होते. ऐकायचं कसं, दाद कुठे द्यायची, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. संतपट उभा राहिला कीर्तनाच्या श्रोत्यावर आणि तमाशापट फडाच्या प्रेक्षकावर. आणि बहुतेक गावांत ती माणसं तीच होती.

१९७२ मध्ये या प्रकाराचं टोक आलं. 'पिंजरा'. दिग्दर्शक पुन्हा व्ही. शांताराम, ज्यांनी १९३५ मध्ये 'धर्मात्मा' काढला होता. कथेचं बीज 'द ब्लू एंजल' या १९३०च्या जर्मन सिनेमातलं. बघा, आपला अस्सल गावरान तमाशापटही जगाशी असा जोडलेला होता. आदर्शवादी मास्तर गावातला तमाशा बंद पाडायला जातो आणि त्यातल्या चंद्रकलेत गुंततो. मास्तर श्रीराम लागू, चंद्रकला संध्या, सोबत निळू फुले. गाव समजतं, मास्तरांचा खून झाला. गावकरी त्यांचा पुतळा उभारतात. आणि खरे मास्तर तमाशाच्या फडात पडेल ती कामं करत फिरत असतात. शेवटी स्वतःच्याच खुनाची शिक्षा त्यांना होते, आणि गावाच्या डोळ्यांतला पुतळा टिकावा म्हणून ते ती स्वीकारतात.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवा. 'संत तुकाराम'मध्ये नाचणारी संताकडे येते आणि बदलते. 'पिंजरा'मध्ये संतासारखा माणूस नाचणारीकडे जातो आणि बदलतो. मधे ३६ वर्षं गेली. पण प्रश्न एकच आहे. चारचौघांत उभं राहून बोलायचा अधिकार कुणाला? कुणाची वाणी पवित्र आणि कुणाची बाटलेली? तुकोबांच्या वह्या ज्या कारणानं बुडवल्या गेल्या, त्याच कारणानं फडावरच्या बाईच्या तोंडावर हात ठेवला गेला. कारण एकच, तू कोण सांगणारी?

मंडळाच्या बैठकीनंतर काही महिन्यांनी मी 'सांगत्ये ऐका' घरीच लावला. दोन कुटुंबं आली होती. माझी पंधरा वर्षांची मुलगी शेवटपर्यंत बसली. सिनेमा संपल्यावर तिनं अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत विचारलं, "बाबा, ती चांगल्या घरची निघाली म्हणून सगळ्यांना वाईट वाटलं. ती खरंच तमाशातल्या आईची मुलगी असती तर?"

तिनं बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. ही तमाशापटाची पळवाट आहे. 'सांगत्ये ऐका'ची नायिका मुळात शेतकऱ्याच्या घरातली. दैवानं तमाशात आलेली. प्रेक्षकाला दोन्ही मिळतं, लावणीही आणि समाधानही, की ही आपल्यातलीच. खऱ्या फडावर उभ्या राहिलेल्या कोल्हाटी, महार, मांग समाजातल्या बायकांना ही पळवाट नव्हती. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. बाळंतपणाच्या कळा सुरू असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावानं आज राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पण त्यांचं शेवटचं आयुष्य हलाखीत गेलं.

मुलीच्या प्रश्नाला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. पण हंसा वाडकरांनी ते देऊन ठेवलं आहे. त्यांचं खरं नाव रतन साळगावकर. घराण्यात कलावंतिणींची परंपरा. घर चालवायला लहानपणीच सिनेमात यावं लागलं. १९६०च्या दशकात त्यांनी आपलं आयुष्य सांगितलं, पत्रकार अरुण साधूंनी त्याचं शब्दांकन केलं. ते 'माणूस'मध्ये आलं आणि पुढे पुस्तक झालं. पुस्तकाचं नाव तेच ठेवलं, 'सांगत्ये ऐका'. या वेळी मात्र चांगल्या घरची निघण्याची सोय त्यात नाही. मोडलेला संसार, दारू, स्वतःच्या चुका, आजूबाजूच्या पुरुषांचं वागणं, सगळं सरळ सांगितलंय. १९७१ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' काढला, आणि स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

म्हणजे पाहा. पडद्यावर संत सखू होणारी बाई आणि लावणी करणारी बाई एकच होती. दोन्ही भूमिकांत आपण तिला टाळ्या दिल्या. आपण फक्त तिचे दोन कप्पे केले. एक मुलांना दाखवायचा आणि एक लपवायचा. कप्पे पाडणं माझा धंदा आहे, म्हणून सांगतो. कप्पा सोयीसाठी असतो. त्यावर कुलूप लावलं, की आतली निम्मी माहिती गेलीच म्हणून समजा.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जास्त जपायला हवं. तिकडे मुलांना आपोआप दोन्ही बाजू दिसतात. आळंदीची वारी दिसते आणि जत्रेतला तमाशाचा तंबूही. इथे मुलांपर्यंत तेवढंच पोचतं जेवढं आपण निवडून देतो. आपण फक्त टाळ दिले आणि ढोलकी ठेवून घेतली, तर त्यांना अर्धीच मराठी मिळेल. आणि ढोलकी फक्त गणपतीच्या स्टेजवर, नऊवारीच्या फोटोपुरती दिली, तर तिच्यामागच्या बाईची गोष्ट त्यांना कधी कळणारच नाही.

म्हणून माझी एक सूचना. येत्या सुट्टीत मुलांबरोबर तीन सिनेमे या क्रमानं पाहा. आधी 'संत तुकाराम', मग 'सांगत्ये ऐका', मग 'पिंजरा'. 'तुकाराम' सगळ्यांनी मिळून पाहा, अगदी लहानांनीसुद्धा. पुढचे दोन मोठ्या मुलांसोबत, आणि रिमोट हातात ठेवून. मधे मधे थांबायचं आणि त्यांना विचारायचं, इथे कोण बोलतंय आणि कोण त्याला गप्प बसवतंय? ज्यांची मुलं अठराच्या पुढे आहेत, त्यांनी 'भूमिका'ही पाहावा, आणि हंसाबाईंचं पुस्तक मिळालं तर जरूर वाचावं.

आमच्या मंडळाचं काय झालं, ते सांगून थांबतो. 'संत तुकाराम' हॉलमध्ये झाला. मुलांनी जिजाईच्या चपलेवर सगळ्यात जास्त टाळ्या दिल्या. चहाच्या वेळी तेच काका माझ्याजवळ आले, कप हातात फिरवत म्हणाले, "आमचे वडील जत्रेला गेले की तमाशा बघायचे बरं का. घरी येऊन सांगायचे कीर्तनाला गेलो होतो." मग हसले आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडे तो 'सांगत्ये ऐका' आहे म्हणालात ना? कधी लावताय?"

पुढच्या शनिवारी लावतोय. काका येणार आहेत, काकूंना घेऊन.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि सांगणाऱ्याला सांगू द्या. नमस्कार.